नोकरीतील छळ, सूडाची कारवाई आणि अमेरिकेचे फेडरल कोर्ट : एका प्रश्नाचे सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीतील सुमारे तीनशे कर्मचाऱ्यांच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत एक मराठी भगिनी एच-वन-बी व्हिसावर काम करतात, वय ४३. टीम लीड त्यांच्या शरीराविषयी शेरे मारतो आणि रात्री उशिरा खासगी मेसेज पाठवतो. मॅनेजर स्वतः भारतीय वंशाचा असून भर मीटिंगमध्ये त्यांच्या इंग्रजी उच्चारांची नक्कल करतो. त्यांनी एचआरकडे लेखी तक्रार केली. सहा आठवड्यांनी त्यांना पीआयपीवर, म्हणजे कामगिरी सुधारण्याच्या लेखी मुदतीवर, टाकण्यात आले आणि वार्षिक बोनस नाकारण्यात आला. एचआर चार महिने ‘चौकशी चालू आहे’ एवढेच सांगत आहे आणि आता राजीनामा दिल्यास तीन महिन्यांचा पगार देऊ, असे कंपनीने सुचवले आहे. थेट फेडरल कोर्टात, म्हणजे राज्याच्या नव्हे तर केंद्राच्या कोर्टात, जाता येईल का, मॅनेजर भारतीय असताना त्याला भेदभाव म्हणता येईल का, व्हिसा आड येईल का आणि शेवटी हाती काय लागेल, हे त्यांना विचारायचे आहे.

मी न्यू जर्सीत बरीच वर्षे नोकरीविषयक दावे चालवतो, बहुतांशी कर्मचाऱ्यांच्या बाजूने. या कामातून माझे एक मत पक्के झाले आहे, ते आधीच सांगतो. असे दावे न्यायालयात जिंकले किंवा हरले जातात हे वरवरचे चित्र आहे. प्रत्यक्षात न्यायाधीशांनी फाइल उघडण्यापूर्वीच तारखांनी आणि कागदांनी त्यांचे पारडे एका बाजूला झुकवलेले असते. त्यामुळे आपल्या चार प्रश्नांपैकी पहिल्यालाच मी सर्वाधिक जागा देणार आहे.

थेट कोर्टात जाता येत नाही, निदान मुख्य कायद्याखाली तरी नाही. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचे सातवे प्रकरण, ज्याला इथे सर्व जण टायटल सेव्हन म्हणतात, ते वंश, वर्ण, धर्म, लिंग आणि राष्ट्रीय मूळ या कारणांवरून होणाऱ्या भेदभावाला बंदी घालते आणि किमान १५ कर्मचारी असलेल्या मालकांना लागू होते. लैंगिक छळ हा लिंगभेदच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये मेरिटर सेव्हिंग्ज बँकेच्या प्रकरणात मान्य केले. मात्र या कायद्याखाली दावा लावण्याआधी समान रोजगार संधी आयोगाकडे, म्हणजे ईईओसीकडे, रीतसर तक्रार दाखल करावी लागते. तिची मुदत मुळात १८० दिवसांची आहे. ज्या राज्यांत तशीच राज्य यंत्रणा आहे तिथे ती ३०० दिवसांची होते आणि न्यू जर्सी त्यांत मोडते. आयोगाने दाव्याच्या परवानगीचे पत्र दिल्यावर कोर्टात जाण्यासाठी ९० दिवस मिळतात. हे ९० दिवस ‘साधारण तीन महिने’ असे मोजू नयेत. एक्याण्णवाव्या दिवशी दाखल झालेला चांगला दावाही बाद होऊ शकतो.

भारतातून आलेल्या अनेकांची इथे एक गफलत होते आणि ती समजण्यासारखी आहे. भारतात लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत अंतर्गत समिती बंधनकारक केली आहे. तिच्याकडे तीन महिन्यांत तक्रार द्यायची असते, आणि साक्षीदाराला बोलावण्याचे व कागदपत्रे मागवण्याचे अधिकार तिला कायद्यानेच दिलेले आहेत. त्या सवयीने इथल्या एचआरकडे दिलेली तक्रार म्हणजे कायदेशीर तक्रार असे मानले जाते. तसे नाही. एचआर हा मालकाचाच विभाग आहे. त्याच्या चौकशीने आयोगाची मुदत एका दिवसानेही थांबत नाही. आपले चार महिने गेले, याचा अर्थ ३०० पैकी १२० दिवस खर्ची पडले, आणि मोजणी तक्रारीपासून नव्हे तर प्रत्येक घटनेपासून होते. बोनस नाकारल्याचे आपल्याला ज्या दिवशी कळवले, तो दिवस महत्त्वाचा. तो पैसा ज्या पगारात दिसायला हवा होता तो महिना नव्हे. नोकरीवरून काढल्यासही निर्णय कळल्याचा दिवस धरतात, शेवटचा कामाचा दिवस नाही.

छळाच्या बाबतीत मोजणी थोडी उदार आहे. २००२ च्या ॲमट्रॅकविरुद्धच्या मॉर्गन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, बढती नाकारणे किंवा बडतर्फी यांसारख्या एकेका सुट्या निर्णयाची मुदत स्वतंत्र धावते. पण शेरे, मेसेज, नक्कल यांनी मिळून तयार झालेले दूषित वातावरण ही एकच बेकायदा कृती असते आणि तिच्यातली एक तरी घटना मुदतीत बसली तर आधीच्या घटनाही विचारात घेता येतात. म्हणून शेवटचा मेसेज कोणत्या तारखेचा आहे, हे आपण आजच पाहून ठेवावे.

आयोगाच्या तक्रार-अर्जात कारणांच्या चौकटी असतात आणि त्याखाली हकिगत लिहायची असते. घाईत किंवा संकोचाने लोक एकच चौकट भरतात. आपल्या बाबतीत लिंग, राष्ट्रीय मूळ आणि सूड या तिन्ही चौकटी लागतील, कारण पुढे कोर्टात कंपनीचा वकील पहिला आक्षेप हाच घेतो की ही बाब मूळ तक्रारीत नव्हतीच. हकिगत लिहिताना ‘मला त्रास दिला गेला’ हे वाक्य निरुपयोगी आहे. कोण, कधी, कुठे, कोणासमोर, नेमके कोणते शब्द, हे पाहिजे. आणि मॅनेजरने नक्कल केली त्या मीटिंगला कोण हजर होते, तेही पाहिजे.

सूडाच्या कारवाईचा मुद्दा आपल्या प्रकरणात सर्वांत बळकट आहे, असे मला वाटते. अनुभव असा की, मूळ भेदभाव सिद्ध होत नाही तिथेही सूड सिद्ध होतो. तक्रार प्रामाणिक आणि वाजवी समजुतीवर केलेली असली की पुरे. पुढे छळ कायद्याच्या मोजपट्टीत बसला नाही तरी तक्रारदाराचे संरक्षण जात नाही. मात्र २०१३ च्या नासर निकालानंतर इथे एक कडक अट आहे : तक्रार केली नसती तर ही कारवाई झालीच नसती, असे दाखवावे लागते. सहा आठवड्यांचे अंतर आपल्या बाजूने बोलते, पण एकटे ते पुरेसे नसते. कंपनी म्हणेल की पीआयपीचा विचार आधीपासून चालू होता, आणि आधीपासून ठरलेल्या मार्गाने मालक पुढे गेला तर त्यातून सूड निघत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाचेच म्हणणे आहे. इथे माझ्यासारखा वकील पीआयपीची छापील प्रत मागत नाही. ती मूळ वर्ड फाइल मागतो. ती फाइल कोणी, कोणत्या दिवशी तयार केली, तक्रारीनंतर तिच्यात कोणती वाक्ये वाढली, एचआर आणि मॅनेजर यांच्यात त्या आठवड्यात कोणते ईमेल गेले, हे सगळे त्या फाइलच्या पोटात असते. तक्रारीच्या दुसऱ्याच दिवशी जन्मलेली फाइल ज्युरीला फार काही समजावून सांगावे लागत नाही.

पीआयपी स्वतःच नुकसानकारक कारवाई ठरते का, याबद्दल कोर्टांत एकवाक्यता नाही. भेदभावाच्या दाव्यात २०२४ च्या मुल्ड्रो निकालाने अट सैल केली. नोकरीच्या अटींमध्ये काहीतरी नुकसान झाले एवढे दाखवणे पुरते, ते ‘मोठे’ असावे लागत नाही. सुडाच्या दाव्यात मात्र एखादा वाजवी कर्मचारी तक्रार करायला कचरेल, असे त्या कारवाईचे स्वरूप असावे लागते. आपला बोनस गेला आहे आणि तो पैशांत मोजता येतो, म्हणून दाव्याचा पाया पीआयपीवर कमी आणि बोनसवर अधिक ठेवावा.

टीम लीड आणि मॅनेजर यांच्यातला फरकही लहान नाही. २०१३ च्याच व्हॅन्स निकालाप्रमाणे ज्याला नोकरीवर घेण्याचा, काढण्याचा, बढती किंवा पगार ठरवण्याचा अधिकार आहे तोच कायद्याने वरिष्ठ. टीम लीड कामे वाटून देतो, पण असे निर्णय घेत नसेल तर तो सहकारी धरला जातो, आणि मग कंपनीला छळ माहीत होता किंवा माहीत असायला हवा होता व तरी तिने हालचाल केली नाही, हे दाखवावे लागते. म्हणूनच आपली लेखी तक्रार आणि त्यानंतरची एचआरची चार महिन्यांची स्वस्थता हे दोन्ही पुरावे आहेत. छळ ‘गंभीर किंवा सततचा’ असावा, ही दुसरी अट. दोन शेऱ्यांवर दावा टिकत नाही. महिनोन्‌महिने येणारे रात्रीचे मेसेज असतील तर टिकण्याची शक्यता चांगली.

मॅनेजर भारतीय आहे म्हणून भेदभाव होऊच शकत नाही, असा कायदा नाही. १९९८ च्या ऑनकेल प्रकरणात छळ करणारा आणि छळ सोसणारा एकाच लिंगाचे असले तरी दावा लागतो हे ठरले, आणि तोच तर्क मूळ देशालाही लागू पडतो. राष्ट्रीय मुळाच्या व्याख्येत आयोग भाषिक वैशिष्ट्येही धरतो, त्यामुळे उच्चारांची चेष्टा त्यात येते. उच्चारांमुळे काम खरोखर अडत असेल तरच मालकाला बचाव मिळतो. त्यातही इथेच वाढलेल्या भारतीय वंशाच्या माणसाने मराठी वळणाच्या इंग्रजीची टर उडवणे हे आमच्या ऑफिसात ऐकू येणाऱ्या हकिगतींमध्ये मुळीच दुर्मिळ नाही.

जातीचा प्रश्न याच्या शेजारी उभा आहे, म्हणून दोन वाक्ये. फेडरल कायद्यात जात हा शब्द नाही. कॅलिफोर्नियाच्या नागरी हक्क यंत्रणेने एका दलित अभियंत्याच्या तक्रारीवरून जून २०२० मध्ये सिस्को या तंत्रज्ञान कंपनीविरुद्ध आधी फेडरल कोर्टातच दावा लावला होता, पण काही महिन्यांनी तो मागे घेऊन सांता क्लारा काउंटीच्या राज्य न्यायालयात नव्याने दाखल केला. २०२३ मध्ये आरोप असलेल्या दोघा अभियंत्यांविरुद्धचा भाग सोडून देण्यात आला आणि कंपनीविरुद्धचा चालू ठेवण्यात आला. जातीवरून भेदभाव झालेल्या व्यक्तीला वंश, पूर्वजपरंपरा किंवा धर्म यांच्या आधाराने मांडणी करावी लागते. पूर्वजपरंपरेच्या आधारासाठी १८६६ च्या कायद्यातून आलेले कलम १९८१ (हा कलमाचा क्रमांक आहे, वर्ष नव्हे) उपयोगी पडते. त्याला आयोगाची पायरी नाही, कर्मचारीसंख्येची अट नाही, मुदत चार वर्षांची आहे आणि भरपाईला कमाल मर्यादा नाही; अट एवढीच की वंश हे निर्णायक कारण होते, असे सिद्ध करावे लागते. उच्चारांचा मुद्दा आम्ही त्या कलमाखालीही जोडून ठेवू, पण त्यावर भिस्त ठेवणार नाही.

आता एक गोष्ट कठोर वाटली तरी सांगतो. वाईट वागणूक आणि बेकायदा वागणूक यांत या देशाचा कायदा मोठे अंतर ठेवतो. मॅनेजर सर्वांवरच खेकसत असेल, तर तो फक्त वाईट मॅनेजर आहे. म्हणून कोर्ट तुलना शोधते : समजा सॉफ्टवेअरच्या एका रिलीजची मुदत चुकली, तर ती चुकलेल्या इतरांपैकी कोणाला पीआयपी मिळाला आणि कोणाला नाही? १९७३ च्या मॅकडॉनल डग्लस निकालापासून पद्धत अशी आहे की कर्मचाऱ्याने प्राथमिक चित्र उभे करायचे, मालकाने कायदेशीर कारण सांगायचे, आणि मग ते कारण बहाणा आहे हे कर्मचाऱ्याने दाखवायचे. तिसऱ्या पायरीवरच बहुतेक दावे पडतात. मागील वर्षांचे आपले कामगिरी-अहवाल चांगले असतील तर ते आपले सर्वांत मोलाचे कागद आहेत.

कागद गोळा करताना मात्र हात आखडता ठेवा. आपल्याला आलेले मेसेज, आपले अहवाल, आपली तक्रार, तिला मिळालेली उत्तरे जपावीत. ग्राहकाचा डेटा, सोर्स कोड किंवा दुसऱ्याच्या पगाराच्या याद्या स्वतःच्या जीमेलवर पाठवू नयेत. काढून टाकल्यानंतर असे काही सापडले तर कंपनी म्हणते की या कारणाने आम्ही तसेही काढलेच असते, आणि भरपाई त्या दिवसापाशी थांबू शकते. संभाषण ध्वनिमुद्रित करण्यास न्यू जर्सीत संभाषणातील एका व्यक्तीची संमती पुरते, पण मीटिंगमध्ये कॅलिफोर्नियातला सहकारी असेल तर तिथला कायदा सर्वांची संमती मागतो. आणि हे कोणत्याही परिस्थितीत पुसू नका : आपण त्या टीम लीडला पाठवलेली उत्तरे, त्यांतल्या हसणाऱ्या इमोजींसकट.

त्या इमोजी डिपॉझिशनमध्ये समोर येतात. डिपॉझिशन म्हणजे शपथेवर होणारी उलटतपासणी. ती न्यायाधीशांसमोर नव्हे तर वकिलाच्या ऑफिसातल्या लांब टेबलाशी होते, आणि नियमाप्रमाणे एका दिवसात सात तासांपर्यंत चालू शकते. एका टोकाला लघुलेखक प्रत्येक शब्द उतरवत असतो. कंपनीचा वकील अत्यंत सौजन्याने आपल्यासमोर आपलाच वार्षिक स्व-मूल्यमापनाचा अर्ज ठेवतो, ज्यात आपण दोन वर्षांपूर्वी रीतीप्रमाणे लिहिले होते की ‘माझे मॅनेजर मला उत्तम मार्गदर्शन करतात’, आणि विचारतो, ‘हे तुम्हीच लिहिले ना?’ मग तो गप्प बसतो. आपल्या लोकांना ती शांतता सहन होत नाही. ते स्पष्टीकरण देऊ लागतात, एका वाक्याची पाच वाक्ये होतात आणि पाचव्या वाक्यात एक चुकीची तारीख निघून जाते. ‘हो, मी लिहिले’ एवढे उत्तर पुरते. आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ हेही पूर्ण उत्तर आहे. प्रश्न इंग्रजीत कळत असला तरी उत्तर मराठीतून देण्यासाठी दुभाषी मागता येतो. तसे करणे कमीपणाचे नाही, मात्र रोज इंग्रजीत प्रेझेंटेशन देणाऱ्याने ते मागितले तर ज्युरीला खटकू शकते.

डिपॉझिशननंतर कंपनी जवळजवळ हमखास समरी जजमेंटसाठी अर्ज करते, म्हणजे वादाचा असा कोणताही मुद्दा नाही की ज्यासाठी ज्युरी बसवावी, असा तिचा युक्तिवाद असतो. तो फेटाळला गेला की सेटलमेंटचा आकडा एकदम बदलतो. ज्युरीसमोर निकाल लागेपर्यंत दीड ते तीन वर्षे धरून चाला. बहुतेक प्रकरणे त्याआधीच मिटतात.

याच ठिकाणी फेडरल कोर्ट हेच योग्य कोर्ट का, हा प्रश्न येतो, आणि माझे उत्तर ‘नेहमी नाही’ असे आहे. फेडरल म्हणजे वरचे, म्हणून चांगले, ही समजूत सोडून द्यावी. न्यू जर्सीचा स्वतःचा भेदभावविरोधी कायदा अनेक बाबतींत अधिक उदार आहे : दोन वर्षांत थेट राज्य न्यायालयात जाता येते, छळाला साथ देणाऱ्या वरिष्ठावर व्यक्तिशः दावा लावता येतो आणि भावनिक त्रासाच्या भरपाईला कमाल मर्यादा नाही. टायटल सेव्हनखाली ती आहे. १९९१ च्या कायद्याने भावनिक त्रास आणि दंडात्मक भरपाई मिळून १०० पर्यंत कर्मचारी असलेल्या मालकासाठी ५०,००० डॉलर, २०० पर्यंत १,००,०००, ५०० पर्यंत २,००,००० आणि त्यापुढे ३,००,००० डॉलर अशी मर्यादा घातली, आणि ती आजही तेवढीच आहे. बुडालेला पगार त्याच्या बाहेर आहे. फेडरल ज्युरीचा निकाल एकमताने लागतो. न्यू जर्सीच्या राज्य न्यायालयात दिवाणी खटल्यात सहापैकी पाच जणांचे मत पुरते. दोन्ही कायदे एकत्र करून नेवार्क, ट्रेंटन किंवा कॅम्डेनच्या फेडरल कोर्टात जाता येते. फक्त राज्य कायद्याखाली दावा लावला, तर कंपनीला तो फेडरल कोर्टात ओढून नेणे अवघड जाते, आणि आपल्या वस्तुस्थितीत मी तोच मार्ग आधी तपासेन. आयोगाची तक्रार तरीही मुदतीत दाखल करावी, म्हणजे दुसरा दरवाजा बंद होणार नाही.

ऑफर लेटरमध्ये लवादाचे कलम आहे का, तेही पाहा. असल्यास सामान्यतः कोर्टाचा मार्ग बंद होतो. ३ मार्च २०२२ रोजी लागू झालेल्या कायद्याने मात्र लैंगिक छळाच्या वादात असे कलम पाळायचे की नाही, हे तक्रारदाराच्या हाती दिले, आणि अनेक न्यायालयांनी अशा वेळी त्याच दाव्यातील इतर मुद्देही लवादाबाहेर ठेवले आहेत.

व्हिसामुळे टायटल सेव्हनचे संरक्षण कमी होत नाही. अडचण व्यवहारातली आहे : नोकरी सुटली की एच-वन-बीधारकाला नवा मालक शोधायला किंवा स्टेटस बदलायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, आणि चालू असलेला दावा इथे राहण्याचा हक्क देत नाही. ग्रीन कार्डसाठीचा आय-१४० अर्ज मंजूर होऊन १८० दिवस झाले असतील, तर कंपनीने तो मागे घेतला तरी आपली प्राधान्य तारीख, म्हणजे ग्रीन कार्डच्या रांगेतली जागा, सहसा टिकते. याबाबत इमिग्रेशन वकिलाचा सल्ला राजीनाम्याच्या आधी घ्यावा, नंतर नव्हे. तसाही रागाच्या भरात राजीनामा देऊ नये. ‘मला राजीनामा द्यायला भाग पाडले’ हे सिद्ध करणे काढून टाकल्याचे सिद्ध करण्यापेक्षा कितीतरी कठीण असते. नोकरी गेल्यास दुसरी शोधत राहणे हे आपले कायदेशीर कर्तव्य आहे; केलेल्या अर्जांची तारीखवार नोंद ठेवा, नाहीतर बुडालेल्या पगाराची रक्कम कापली जाते.

राहिला तीन महिन्यांच्या पगाराचा प्रस्ताव. तो कागद म्हणजे सर्व दाव्यांवर पाणी सोडण्याचा करार असतो. आपले वय ४० च्या वर असल्याने वयाधारित दाव्यावरही त्यात आपल्याकडून पाणी सोडून घ्यायचे असेल, तर कंपनीला विचारासाठी किमान २१ दिवस आणि सहीनंतर माघार घेण्यासाठी सात दिवस द्यावे लागतात. ‘शुक्रवारपर्यंत सही करा’ असे एचआर म्हणत असेल, तर तो आग्रहच बरेच काही सांगून जातो. बहुतेक वकील पहिली भेट नाममात्र शुल्कात देतात आणि पुढे वसुलीच्या तृतीयांशाच्या आसपास फी घेतात. आपण जिंकलात तर आपल्या वकिलाची फी कंपनीवर लादता येते, उलट कंपनी जिंकली तरी दावा निरर्थक ठरल्याशिवाय तिची फी आपल्यावर येत नाही. तडजोडीची बोलणी होतील तेव्हा रकमेइतकेच तिच्या विभागणीकडे लक्ष द्या. बुडालेल्या पगाराची रक्कम पगारासारखीच करपात्र असते, शारीरिक इजेशिवायच्या भावनिक त्रासाची भरपाईही करपात्र असते, आणि २०१७ च्या कर-कायद्यानंतर लैंगिक छळाच्या तडजोडीला गोपनीयतेचे कलम जोडले तर कंपनीला ती रक्कम खर्च म्हणून वजा करता येत नाही. गोपनीयता कंपनीला हवी असते आणि तिची किंमत कंपनीला मोजावी लागते, हे बोलणीच्या टेबलावर आपल्या वकिलाने विसरता कामा नये.